कुलूपबंद दरपत्रकाच्या कर्त्यास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री दरपत्रककर्ते महाशय यांसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण संगणकप्रणालींचा व्यापार करता आणि मी एका खरेदी समितीच्या दप्तरात बसून त्या प्रणालींच्या दरांचा तुलनात्मक तक्ता मांडतो; म्हणजे आपण लिहावे आणि मी वाचावे, हा आपला परस्परसंबंध विधात्याने नसला तरी निविदेच्या अटींनी ठरवून दिलेला आहे. गेल्या महिन्यात आपले ६४ पृष्ठांचे दरपत्रक पीडीएफच्या रूपाने आले. ते विनासायास उघडले, आकडे सुवाच्य होते, रकान्यांना दिलेली फिकट केशरी छटा तर एखाद्या लग्नपत्रिकेस शोभावी अशी होती. मात्र त्यातील एक आकडा उचलून माझ्या तक्त्यात ठेवावा म्हणून मी हात पुढे केला, तोच नक्कल करण्यास मनाई असल्याचे फर्मान पडद्यावर झळकले. पाहुण्यास पाटावर बसवावे, पंचपक्वान्ने वाढावी आणि त्याने घास उचलताच त्याचे मनगट धरावे, हा आतिथ्याचा प्रकार मला सर्वस्वी नवा होता.

अशा दस्तऐवजास दोन किल्ल्या असू शकतात, हे आपण जाणताच: एक तो उघडण्याची आणि दुसरी मालकाची, जिच्या बळावर छपाई, नक्कल व फेरफार यांची परवानगी द्यावी किंवा नाकारावी. आपण पहिली किल्ली फिरवलीच नाही आणि दुसरी मात्र चोख फिरवलीत. परिणामी दार सताड उघडे असून उंबरठ्यावर ‘आत पाहावे, काही नेऊ नये’ अशी चिठ्ठी तेवढी डकवलेली राहिली. ही चिठ्ठी वाचक-प्रणालीने सौजन्य म्हणून पाळावयाची असते, आणि जगाच्या रीतीप्रमाणे तिचा जाच होतो तो माझ्यासारख्या पापभीरू कारकुनालाच.

म्हणून मी रीतसर अर्ज करून खुला तक्ता मागितला. आपल्या कचेरीची तत्परता वाखाणण्याजोगी: तिने तेच दरपत्रक छापले, पानोपानी शिक्कामोर्तब केले, त्याचे स्कॅन काढले आणि ते पुन्हा पीडीएफ करून धाडले. आता कुलूप नव्हते हे खरे, पण अक्षरेही उरली नव्हती. उरली होती ती अक्षरांची चित्रे. चित्रांतून अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीच्या स्वाधीन ती केली, तेव्हा तिने काही शून्यांना इंग्रजी ‘ओ’ ठरवले, आणि १,२५,००० या देशी रीतीच्या स्वल्पविरामांनी गोंधळून एका किमतीचे तीन तुकडे तीन रकान्यांत घातले. भाऊबंदकीच्या वाटणीपत्रांतही इतकी निर्दय वाटणी माझ्या पाहण्यात नाही.

सगळा दोष आपल्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अडोबीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली ज्याची कल्पना मांडली आणि १९९३ साली जो पीडीएफ या नावाने जगापुढे आला, त्या प्रकाराचा मूळ हेतूच असा की कागद कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा. त्याच्या पोटात रकाना वा ओळ बहुधा नसतेच. अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी काढावे, एवढी आज्ञा असते. मोडी कागदात शब्द एकमेकांस बिलगून धावतात आणि ते कोठे तोडावयाचे हे वाचणाऱ्याच्या सरावावर सोडलेले असते. तद्वतच येथे कोणता आकडा कोणत्या जिनसेचा, हे मधले अंतर पाहून ताडावे लागते. अशा कागदांतील तक्ते सोडवण्यासाठी पत्रकारांच्या खटपटीतून टॅब्युला नावाचे साधन निघाले. पण स्कॅन केलेल्या चित्रापुढे तेही हात टेकते.

आपण विचाराल, आकडे डोळ्यांना दिसत असता हा अट्टहास कशासाठी? एके काळी यंत्र विकत घ्यावे आणि प्रणाली त्यासोबतच यावी, अशी वहिवाट होती. १९६९ साली आयबीएमने दोहोंची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले, आणि पुढे किमतीमागोमाग मोजमापांचीही बहुविधता आली: कोणी माणशी आकारतो, कोणी यंत्रामागे, कोणी प्रोसेसरमागे. ओरॅकलने चारचौघांत ठेवलेले दरपत्रक घ्या. त्यात डेटाबेसच्या एंटरप्राइझ आवृत्तीचा दर प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर आणि वार्षिक देखभालीचा १०,४५० डॉलर असा छापलेला आढळतो. पण त्यांच्याच कोष्टकाप्रमाणे इंटेलच्या नेहमीच्या कोराची गणना अर्ध्या प्रोसेसराइतकी, म्हणून १६ कोरांच्या यंत्रास ८ परवाने, आणि सवलतीपूर्वीची रक्कम ३,८०,००० डॉलर. उघड्या दरपत्रकालाही इतका हिशेब लागतो, तर कुलूपबंद दरपत्रकाची कथा काय वर्णावी! दुसऱ्या दराशेजारी मांडल्यावाचून कोणताही दर हा दर होत नाही, नुसता आकडाच राहतो. आणि आपल्या कुलपाने आकडा लपला नाही, त्याला शेजार तेवढा मिळेनासा झाला.

आपली प्रणाली घेतल्यास कारकुनी श्रम समूळ नाहीसे होतील, असे अभिवचन आपल्या दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे. ते भक्तिभावाने वाचून मी उरलेली ६३ पाने हाताने उतरवली. सहकाऱ्याने मोठ्याने वाचावे, मी टंकावे आणि दिवेलागणीस दोघांनी मिळून रुजवात घालावी, असे तीन दिवस गेले. या सक्तीच्या पारायणाचे पुण्य असे की, १७व्या पानावर जी देखभाल विनामूल्य म्हटली आहे, तीच ५२व्या पानावर ‘सेवा’ हे नाव धारण करून मोबदला मागत उभी असल्याचे ध्यानी आले. घाईने नक्कल करून चिकटवता आले असते, तर ही बाब बहुधा नजरेतून निसटली असती. त्या अर्थी आपल्या कुलपाने समितीचे हितच साधले, आणि त्याबद्दल आभार मानण्यास्तव हा पत्रप्रपंच.

तथापि पुढील वर्षी अशी कृपा नसावी. शिक्क्याचा कागद शोभेस असू द्यावा, परंतु सोबत एक साधा तक्ता धाडावा: एका ओळीत एक जिन्नस, मोजमापाचा रकाना वेगळा, चलनाचा वेगळा, मुदतीचा वेगळा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
तक्ता मांडणारा कारकून

ता. क. हे पत्र लिहून होते न होते तोच आपल्या विक्री विभागातील एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. आपल्याच दरपत्रकातून त्यांनाही काही उचलता येत नाही, म्हणून माझा हाताने उतरवलेला तक्ता त्यांनी मागितला. मी तो त्यांना पाठवला आहे. कुलूप घातलेले नाही.