म्हातारपणाचा डॉक्टर कोण?

साखरेचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, गुडघ्यांचा वेगळा. तिघेही आपापल्या जागी बरोबर. चक्कर येऊन पडतात त्या आजी.

म्हाताऱ्या माणसांची औषधांची पिशवी कधी टेबलावर उलटी करून पाहा. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनची दोन पाकिटं निघतात. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, औषध एकच. दोन डॉक्टरांनी लिहून दिलेलं, आजी दोन्ही इमानेइतबारे घेतात. शिवाय गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफेनॅक. त्यानं मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाबही वाढतो.

मग रक्तदाबाची गोळी वाढते.

ही पिशवी तपासायचं काम कुणाचं?

जर्मनीत तीन किंवा अधिक औषधं कायम चालू असतील, तर सगळ्यांचा मिळून एक तक्ता डॉक्टरकडून मिळणं हा २०१६पासून रुग्णाचा हक्क आहे. जपाननं २००० साली काळजी विमा सुरू केला. हप्ता चाळिशीपासूनच कापला जातो. म्हातारपणी आंघोळीला मदत कुणाची, व्यायाम कधी, हे केअर मॅनेजर आखून देतो.

अमेरिकेतली आरोग्यसेवा म्हणजे पैशांचा खेळ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तिथलं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमासुद्धा, दोन किंवा अधिक जुनाट आजार असलेल्यांची औषधं जुळवायला, फोनवर विचारपूस करायला महिन्याला किमान २० मिनिटं देणाऱ्या डॉक्टरला २०१५पासून वेगळी फी देतं.

आपल्याकडे?

ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. फार चांगलं झालं. पण ते दाखल झाल्यावर. ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. मधुमेहानं सडलेला पाय कापायला योजनेत पैसे आहेत, तो सडू नये म्हणून लागणाऱ्या रोजच्या गोळ्यांना नाहीत.

‘घरची माणसं बघतात की!’ कोण बघतं? पंचाहत्तरीच्या आजोबांना सत्तरीच्या आजी बघतात. त्यांची स्वतःची पिशवी वेगळी.

पूर्वी हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असायचं. फॅमिली डॉक्टरच्या. ‘साधा एमबीबीएस’ म्हणत त्याची पायरी आपणच सोडली.

मागणी मोठी नाही. सत्तरीपुढच्या प्रत्येकाची पिशवी वर्षातून दोनदा अशाच एका साध्या एमबीबीएसनं तपासावी. त्याची फी त्याच आयुष्मान कार्डावर मिळावी. खाट न अडवता.