तात्यांचे आर्थिक वर्ष

पैशाच्या व्यवहारात मनुष्यमात्राचे उधळे आणि कंजूष असे दोनच वर्ग संभवतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी चार दिवस आमच्या वाड्यात बिऱ्हाड करून राहावे. उधळ्याला पैसा खर्च करण्यात सुख वाटते आणि कंजुषाला तो राखण्यात. परंतु पैसा गेला काय नि राहिला काय, तो आपल्या सदराखाली नोंदला गेला आणि रात्री कीर्दीची बेरीज जुळली म्हणजे ज्याला शांत झोप लागते, असा एक तिसरा वर्ग पुण्याच्या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेला आहे. त्याला दातृत्वाचे वावडे नसते, लोभही फारसा नसतो; त्याला फक्त तरतूद लागते. तरतूद असेल तर दारी आलेल्या याचकाला तो पसाभर तांदूळ हसतमुखाने घालील, आणि नसेल तर सख्ख्या मेव्हण्याला चहा विचारताना त्याची जीभ टाळ्याला चिकटेल. आमच्या वाड्यापुरता हा मान तात्यांकडे आहे.

तात्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. पगार आणि महागाई भत्ता मिळून वर्षाकाठी दोन हजारांच्या आतबाहेर जमा. खाणारी तोंडे सहा, त्यांत एक वृद्ध मातोश्री आणि एक कॉलेजात जाणारे चिरंजीव. तेव्हा काटकसर त्यांनी हौसेने पत्करली आहे असे म्हणण्यास जागा नाही. परंतु गरजेपोटी करावी लागणारी गोष्ट इतक्या इतमामाने करणारा दुसरा गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही. इतरांच्या घरी महिनाअखेर पैसे संपतात. तात्यांच्या घरी सदराखालील शिल्लक निरंक होते. इतरांकडे साखर महागली म्हणून चहा अगोड होतो. तात्यांकडे तो सुधारलेल्या अंदाजास अनुसरून अगोड होतो. अंगाने किडकिडीत, कपाळी ठसठशीत गंध आणि कानावर पेन्सिल. ही पेन्सिल झिजून चिमटीत मावेनाशी झाली म्हणजे बोरूच्या पोकळ नळीत खोचून आणखी दोन महिने चालवली जाते, आणि तोपर्यंत नव्या पेन्सिलीचा विषय घरात कोणी काढायचा नसतो.

सामान्य गृहस्थाचे वर्ष गुढीपाडव्याला उजाडते, व्यापाऱ्याचे दिवाळीच्या पाडव्याला. तात्यांचे वर्ष मात्र १ एप्रिलला उजाडते, कारण सरकारचे त्याच दिवशी उजाडते. पूर्वी १ मेपासून धरले जाणारे हिशेबी वर्ष १८६७ साली सरकारने १ एप्रिलपासून धरण्यास आरंभ केला, ही हकीकत तात्या शिवराज्याभिषेकाची हकीकत सांगावी इतक्या भक्तिभावाने सांगतात, आणि ऐकणाऱ्याने तेवढ्याच भक्तिभावाने ती ऐकून घ्यावी अशी त्यांची रास्त अपेक्षा असते.

फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता दिल्लीस अर्थमंत्री लोकसभेत उभे राहत. त्यानंतर चार तासांनी, जेवणे आटोपून उष्टी निघाल्यावर, तात्या माजघरात उभे राहत. हा क्रम सहसा चुकत नसे. केंद्राचे धोरण कळल्यावाचून घराचे धोरण जाहीर करणे त्यांना औचित्याला सोडून वाटे, आणि त्यासाठी तळमजल्यावरील बिऱ्हाडात रेडिओशेजारी ते आधीच जाऊन बसलेले असत. (स्वतःच्या रेडिओची आणि त्याच्या परवान्याची तरतूद तात्यांकडे कधीच नव्हती, शेजाऱ्याची तरतूद ती आपलीच, या बाबतीत त्यांचे मन उदार आहे.) चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते तोवर तात्यांचा ऊर त्या संध्याकाळी अभिमानाने भरून येत असे. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला तेव्हा मराठी मुलूख गहिवरला, तात्याही गहिवरले. फक्त त्यांनी एवढी नापसंती नोंदवली की, जुलैऐवजी वर्षअखेरीस राजीनामा दिला असता तर साऱ्या सालाचा हिशेब एका हाताखाली राहिला असता. पुढच्या वर्षी देशमुखांच्या जागी आलेल्या कृष्णम्माचारींनी उत्पन्नाबरोबर खर्चावरही कर बसवण्याचे योजिले. देशातील धनिक हवालदिल झाले. तो कर आपल्यासारख्याच्या वाटेस कालत्रयी जाणार नाही हे ठाऊक असूनही तात्या मात्र आठवडाभर प्रसन्न होते. खर्च हा मूलतः दंडनीय अपराध आहे, हे आपले मत अखेर दिल्लीस पटले याचे ते समाधान होते.

माजघरातील अधिवेशनाची खरी मौज मागण्यांच्या वेळी येते. तात्यांच्या कुटुंबाने, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकूंनी, संसारात एक गोष्ट पक्की ओळखलेली आहे, ती ही की दहा शेर तेल हवे असेल तर चौदा शेर मागावे. तात्या चष्म्यावरून पाहतात, गतवर्षीची खतावणी उलगडतात आणि आठ शेर मंजूर करतात. काकू पदराने कपाळ टिपून, आता दिवाळीचे तळण परसात पाण्यात करते, असे म्हणतात. आणि अखेर दहा शेरांवर उभयपक्षी समेट होतो. काकू फुगवून मागतात हे तात्यांना कळत नाही असे मुळीच नाही, कारण कचेरीसाठी खुर्च्या मागताना ते स्वतः वरिष्ठांशी हेच करतात. एखाद्या वर्षी काकूंनी सरळ दहाच शेर मागितले तर ते गोंधळून जातील, आणि मला वाटते, त्यांना थोडे दुःखही होईल. मुलेही याच तालमीत तयार झालेली आहेत. धाकटीने एकदा रिबिनींसाठी आठ आणे मागितले, तेव्हा कापडाच्या सदरात शिल्लक नाही असे तिला उत्तर मिळाले; तिने दुसऱ्या दिवशी, रिबिनी शाळेच्या गणवेशात सक्तीच्या आहेत, अशी चिठ्ठी बाईंकडून आणली आणि रिबिनी शिक्षणखाती पाडून घेतल्या. ही मुलगी पुढे मोठ्या हुद्द्यावर जाईल.

सर्वांत नाजूक सदर पाहुण्यांचे. वर्षाला ६० पाने मंजूर असतात. ती कोकणातले चुलते आणि परीक्षेला आलेले भाचे मिळून गणपतीपर्यंतच संपवतात, आणि त्यानंतर येईल त्याला अन्य सदरातून जेवावे लागते. एका दूरच्या मामेभावाने असेच येत असल्याचे कार्ड टाकले, ते नेमके तात्यांच्या वडिलांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी येऊन पडले. तात्यांनी त्याच रात्री सांगून ठेवलेल्या दोन ब्राह्मणांपैकी एकाला न येण्याचा निरोप धाडला, आणि मामेभावास दुसऱ्या दिवशी ज्या अगत्याने सोवळे नेसवून पाटावर बसवले ते पाहून त्या भल्या गृहस्थाचे डोळे पाणावले. एवढा मान त्याला कोणी दिला नव्हता. तेव्हापासून तो दर वर्षी त्या तिथीला न चुकता येतो. तात्यांच्या पितरांना कायमचा ब्राह्मण मिळाला आहे, आणि दक्षिणेच्या जागी विडा चालतो.

वस्तूंच्या बाबतीत तात्यांचा कारभार पाहावयाचा असेल तर त्यांच्या धोतराचे चरित्र पाहावे. नवे धोतर पहिली दोन वर्षे कचेरीत जाते. पुढे ते घरगुती वापरात येते. विरले की त्यास दंड घालून आणखी वर्षभर नेसले जाते. त्यानंतर त्याचे दोन पंचे होतात, पंच्यांची मातोश्रींच्या काढ्यासाठी गाळणी होते, उरलेले तुकडे काही गोधडीत आणि काही चुलीजवळच्या फडक्यांत जातात, आणि शेवटची चिंधी काकडा होऊन बंब पेटवण्यास कामी येते. त्या सकाळी तात्या ऊन ऊन पाण्याने स्नान करून येतात, वही उघडतात आणि खरेदीच्या तारखेसमोर ‘निकाली’ असा शेरा मारून खाली सही करतात.

१९५७ सालचा १ एप्रिल हा तात्यांच्या आयुष्यातील महापर्वकाळ. त्या दिवशी गुढीपाडवा होता, सरकारी वर्षारंभ होता आणि त्याच दिवशी देशात नवे पैसे सुरू झाले. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पया शतकानुशतके घोकलेली सारी पेठ भांबावून गेली. तात्यांनी सरकारी कोष्टक भिंतीला चिकटवले आणि दोन रात्री त्यासमोर बसून त्यातील मर्म शोधून काढले. आण्याचे खरे मोल सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणेच नसल्यामुळे कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना मात्र १९ आणि चार आण्यांना २५ असे आकडे आले होते. अर्थात तीन आण्यांची भाजी एकदम घेणारा १९ नवे पैसे मोजतो, आणि तीच भाजी एकेका आण्याची करून तीन वेळा घेणारा १८ मोजतो! तिसऱ्या दिवसापासून तात्यांची तिन्ही अपत्ये मंडईत एकामागून एक, परस्परांना ओळख न देता, एकाच भाजीवालीसमोर उभी राहू लागली. उलटपक्षी, रद्दी मात्र तीन तीन आण्यांच्या गठ्ठ्यांनी विकली जाऊ लागली. चौथ्या की पाचव्या दिवशी भाजीवालीने धाकटीला विचारले, “का गं पोरी, तुझे भाऊ आत्ताच मेथी घेऊन गेले की. घरात चुली येगळ्या झाल्या काय?” आणि कळवळून तिच्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी फुकट टाकली. त्या रात्रीच्या कीर्दीत जमेच्या बाजूस ‘कोथिंबीर, संकीर्ण’ अशी नोंद आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

तात्यांचे दैवत म्हणजे नामदार गोखले; माजघरात देवांच्या तसबिरींच्या ओळीत त्यांची तसबीर आहे आणि तिला दसऱ्याला हार असतो. १९०२ साली कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, त्याचा उल्लेख आल्यावाचून तात्यांचे स्वतःचे भाषण पुरे होत नाही. परंतु दैवताचे ग्रंथ मुलांना वाचू द्यावेत की नाही याचा विचार त्यांनी वेळीच केला नव्हता. १९५८ च्या अधिवेशनात तात्यांनी, सालअखेर ४१ रुपये शिल्लक राहतील, असे विजयी मुद्रेने जाहीर केले, तेव्हा अर्थशास्त्र घेतलेले चिरंजीव उभे राहिले. “तात्या,” ते म्हणाले, “त्या भाषणात गोखल्यांचं म्हणणं काय होतं? दुष्काळानं रयत गांजलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ राज्य सुखी आहे असा नव्हे. रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल होतंय असा. मग या ४१ रुपयांचं काय?”

माजघर स्तब्ध झाले. तात्यांनी तसबिरीकडे पाहिले. तेथून साहाय्य येण्याचे चिन्ह दिसले नाही.

“गोखल्यांची तक्रार परक्या सरकारविरुद्ध होती,” तात्या शेवटी म्हणाले. “हे स्वराज्य आहे.”

“मग निवडणूक कधी?” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

तो प्रश्न तहकूब झाला. तथापि गोखल्यांच्या त्या भाषणानंतर वर्षभराने सरकारने मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आणला होता, हा दाखला तात्यांना मुखोद्गत असल्यामुळे, त्यांनीही आठवड्याभरात चिरंजीवांच्या चहातील साखर कोणताही गाजावाजा न करता अर्ध्या चमच्याने वाढवली.

राहता राहिला तो गुढीपाडवा. पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मागेपुढे होत असतो, आणि सरकारी वर्ष त्याला न विचारता मध्येच कापले जाते. त्यामुळे एखाद्या आर्थिक वर्षात दोन पाडवे सापडतात आणि एखाद्यात एकही सापडत नाही. १९५७ चा पाडवा १ एप्रिलला झाला होता. पुढचा आला तो १९५८ च्या २१ मार्चला. काकूंनी चक्क्यासाठी पैसे मागितले तेव्हा तात्यांनी वही पुढे केली : एका वर्षात दोन गुढीपाडवे मंजूर नाहीत. गुढी उभारली गेली, कारण काठी, तांब्या आणि काकूंचे लग्नातले रेशमी खण घरचेच होते. कडुलिंबाचा पालाही मुबलक वाटला गेला, तो परसातल्या झाडाचा होता. श्रीखंड मात्र झाले नाही. काकू काही बोलल्या नाहीत. काकू बोलत नाहीत तेव्हा घाबरावे, हे तात्यांना इतक्या वर्षांत कळावयास हवे होते.

त्यानंतर मध्ये अधिक महिना पडला आणि पाडवा थेट १९५९ च्या ९ एप्रिलवर गेला. म्हणजे १९५८-५९ या वर्षात पाडवाच नव्हता. परंतु तात्यांनी मागील वर्षाची सदरे यथामूल उतरून घेतल्यामुळे ‘सणवार’ याखाली ‘पाडवा : चक्का, साखर, वेलदोडे’ ही तरतूद वर्षभर अखर्चित पडून होती. ३१ मार्च, मंगळवार. वर्षअखेरीचे हिशेब बंद करून तात्या रात्री साडेनऊला कचेरीतून परतले, हातपाय धुऊन पाटावर बसले, तो ताटात श्रीखंड आणि टम्म फुगलेल्या पुऱ्या.

“आज काय आहे?”

“आज काहीच नाही,” काकू म्हणाल्या. “रक्कम उद्यापासून बुडते म्हणून केलं.”

तात्यांनी जेवणापूर्वी वही मागवली. रक्कम होती, सदर होते, तारीखही वर्षाच्या आतली होती. सण असल्याखेरीज सणाची तरतूद खर्चू नये असा नियम करून ठेवण्याचे तेवढे राहून गेले होते. त्यांनी वही मिटली आणि पहिली पुरी मोडली. तिसऱ्या पुरीला त्यांनी विचारले, “मग ९ तारखेला?”

“९ तारीख नव्या सालात. त्याची तरतूद निराळी.” काकूंनी कोनाड्यातून नवे पंचांग काढले, शेवटचे पान उघडले आणि समईच्या उजेडात धरले. “हे पाहा, फाल्गुनातली अमावास्या २७ मार्चला. म्हणजे २८ ला पुन्हा पाडवा. दोन्ही त्या नव्या सालातच येतात. आत्ताच मांडून ठेवा, मागाहून पुरवणी मागणी चालायची नाही.”

“लेखी द्या,” तात्या वाटी पुढे करत म्हणाले.

“देते की,” काकूंनी वाढता वाढता विचारले, “कागद कुठल्या सदरातून घेऊ?”