तीन हजारांत ऊब

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, नवऱ्याने जाहीर केलं की आपलं स्वयंपाकघर उबदार नाही. मी त्या वेळी पोळ्या लाटत होते. पंखा बंद होता, कारण पंखा लावला की शेगडीची ज्योत फडफडते आणि पोळी फुगायची सोडून रुसून बसते. घामाची धार मानेवरून निघून कुठवर पोचली होती, हे सदरात लिहिण्यासारखं नाही.

"उबदार म्हणजे कोझी," तो म्हणाला. "टेम्परेचरचा प्रश्न नाही गं. तसं वाटायला हवं."

मला वाटतच होतं.

साखर कुठल्या डब्यात आहे हे विचारायला मला ऑफिसात फोन करणारा हा माणूस. पण मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले की आर्किटेक्ट व्हायला वेळ लागत नाही. बजेट ठरलं तीन हजार, वर एक पैसा नाही. जे आणायचं ते सुंदरही हवं आणि उपयोगीही. कुणाच्या उपयोगाचं, ते मी विचारायला हवं होतं.

आमच्या फडताळाची एक व्यवस्था होती. श्रीखंडाच्या डब्यात शेंगदाण्याचं कूट, आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता, कॉफीच्या बाटलीत गोडा मसाला. परक्याला हा गोंधळ वाटेल, पण लोडशेडिंगच्या काळातही आमचा हात कधी चुकला नाही. ही सगळी मंडळी, मिसळणाच्या डब्यासकट, एका रविवारी गोणीत भरून माळ्यावर गेली. बोहरी आळीतून लाकडी बुचाच्या अठरा काचेच्या बरण्या आल्या, पासष्ट रुपयाला एक. सगळ्या सारख्या. शाळेच्या वर्गफोटोसारख्या, उंचीने रांगेत. त्यावर चिकटवायला एकशे नव्याण्णव रुपयांचा तयार स्टिकरांचा संच.

स्टिकर इंग्रजी होते आणि ते कुणा पास्ता खाणाऱ्या घरासाठी छापलेले होते. ओरेगानो होतं, रोझमेरी होती. हिंग नव्हता. गोडा मसाला तर नव्हताच. नवऱ्याने डोकं चालवलं. 'पाप्रिका'त तिखट घातलं, 'बेसिल'मध्ये कसुरी मेथी आणि 'थाइम'मध्ये ओवा. गोडा मसाला 'सिनॅमन'मध्ये, "कारण दालचिनी असतेच ना त्यात."

आता पहिल्या सोमवारची फोडणी. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात आणि झाकण एक. ते उघडलं की मोहरी, जिरं, हिंग, हळद सगळं चार बोटांच्या अंतरावर. तेल तापल्यावर बाईच्या हातात दोन-चार सेकंद असतात, आणि हा डबा तेवढ्याच सेकंदांसाठी घडलेला आहे. बुचाच्या बरणीला मात्र दोन हात लागतात. मी मोहरीचं बूच ओढलं, ते हलेना. बरणी पोटाशी धरून पिळलं, तेव्हा सुटलं आणि अर्धी मोहरी ओट्यावर सांडली. उरलेली तेलात गेली. मग हिंगाची बरणी शोधते तर तिला स्टिकरच नाही. तोवर मोहरीचा कोळसा झाला होता. आमटी फेकवली नाही, एवढंच. जेवताना नवरा म्हणाला, "स्मोकी फ्लेव्हर आलाय छान."

त्याने आपल्या बाजूने जर्मनीची साक्ष काढली. 1926 साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी तिथल्या कामगारवस्तीतल्या घरांसाठी 'फ्रँकफर्ट किचन' आखलं. जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. बाईच्या चालण्याची पावलं मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवलेली, आणि जिन्नसांच्या अॅल्युमिनियमच्या खणांवर नावं. "बघ, नावं!" नवरा म्हणाला. मीही वाचलं मग थोडं. या बाईंनी पुढे स्वतःच सांगून ठेवलंय की ते स्वयंपाकघर आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता. निदान कबूल तरी केलं.

सिंकसमोर तागाचं पायपुसणं आलं, साडेतीनशेचं. दोन दिवसांत भिजलं, तिसऱ्या दिवशी त्याला ओल्या पोत्याचा वास सुटला. सासूबाई दीर्घ श्वास घेऊन म्हणाल्या, "रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतंय." अडीचशे रुपयांची दिव्यांची माळ खिडकीला लागली. फोडणीचा धूर वर जातो, गार होतो आणि जिथे बसेल तिथे चिकटा होऊन बसतो. माळेवर शंभर दिवे होते. ते एकेक करून कोण पुसणार, या प्रश्नाशी सजावटीचा संबंध नसतो.

शेवटी सातशे रुपयांची फळी, उघड्या मांडणीसाठी. ती जिथे लावायची तिथे आमचं कालनिर्णय लटकत होतं. सासूबाईंच्या लग्नाच्या वर्षी, 1973 साली, ते निघालं आणि तेव्हापासून या घरात भिंत बदलली तरी ते बदललं नाही. पानामागे पाककृती आणि पुढे दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचे पैसे. ते 'पसारा दिसतो' म्हणून बेडरूमच्या दारामागे हलवण्यात आलं. सहाशे रुपये ठरवून ड्रिलवाला आला. दुसऱ्या भोकाला टाइल कडकन तडकली, वरपासून खालपर्यंत. ही शेड कधीच बंद झाली म्हणाला. एका टाइलसाठी सगळी भिंत काढायची तर आकडा त्याने सांगितला, आणि नवरा स्टुलावर बसला.

फळी आता बाल्कनीत आहे, तिच्यावर कांदे. मिसळणाचा डबा मी माळ्यावरून त्या पहिल्या सोमवारीच रात्री उतरवला होता. बरण्या मात्र ओट्यावर आहेत, पैसे गेलेत म्हणून.

तडकलेल्या टाइलवर त्याच खिळ्याला कालनिर्णय पुन्हा आलं. बरोबर मापाचं निघालं, चीर कणभर दिसत नाही. काल दूधवाल्याचा हिशेब करताना मे महिन्याचं पान बघितलं. बाराव्या तारखेला खाडा. चौदाला सिलिंडर. सतराला नवऱ्याच्या अक्षरात 'ड्रिल 600'. आणि एकोणिसाच्या चौकोनात सासूबाईंच्या वळणदार देवनागरीत: 'थायमे संपले. पावशेर आणणे.'