ग्रेस मार्क बंद

डेटाबेस सर्व्हर अपग्रेड झाला की सोमवारी सकाळी ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'नव्या व्हर्जननं सगळं बिघडवलं.' माझं म्हणणं उलट आहे. नवं व्हर्जन सहसा काही बिघडवत नाही. जुनं इतकी वर्षं काय काय पोटात घालत होतं, ते फक्त चव्हाट्यावर आणतं. मायएसक्यूएलचंच घ्या. जुन्या सर्व्हरला ३१ फेब्रुवारी ही तारीख दिली तर तो वाद घालत नसे. तिच्या जागी सगळी शून्यं मांडून, एक वॉर्निंग पुटपुटून तो पुढच्या कामाला लागे. वीस अक्षरांच्या कॉलमात तीस अक्षरांचं नाव आलं तर शेपूट छाटून आत घेई. कनवाळू मास्तरांनी ग्रेस मार्क देत वर्गच्या वर्ग वर ढकलावा, तसा हा कारभार. २०१५ साली ५.७ आलं आणि मूळ सेटिंगमध्येच ही सूट बंद झाली. त्यावर अनेक जाणत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे सेटिंगच्या फाइलीत शिरून हा कडकपणाच बंद करून टाकणं! चुकीची तारीख दुरुस्त करण्यापेक्षा ते सोपं होतं, हे मान्य.

मग २०१८ मध्ये ८.० आलं. (मधले ६ आणि ७ कुठे गेले, हे विचारून मायग्रेशनचा मुहूर्त टाळू नये.) जुना सर्व्हर 'ग्रुप बाय' केलं की गट करता करता यादी क्रमानंही लावून देई. क्रम कुणी मागितलेला नसे. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर 'ऑर्डर बाय' लिहिण्याचे कष्ट घेतो कोण? ८.० नं ही मोफत सेवा थांबवली आणि वर्षानुवर्षं शिस्तीत उभे असलेले रिपोर्ट विस्कटले. दोष कुणाचा? क्रम मागितल्याशिवाय मिळेल असं कुणीच लिहून दिलेलं नसतं, असं म्हणावं, तर इथे पंचाईत आहे : मायएसक्यूएलच्या कागदपत्रांत ते लिहून दिलेलं होतं. मात्र त्याच्या भरवशावर राहू नका, असंही तिथेच बजावलं होतं. दुसरं वाक्य वाचण्याइतका वेळ कोणाकडे असतो!

इथे कुणी म्हणेल, सर्व्हर बनवणारे काय धुतल्या तांदळाचे? नाहीत. त्यांनी ज्याला 'यूटीएफ-८' म्हटलं, ते अक्षरामागे तीनच बाइट देत होतं. देवनागरी तीन बाइटांत मावते, म्हणून मराठीचं निभावलं. इमोजीला चार लागतात. त्यामुळे ढिल्या सेटिंगच्या सर्व्हरवर एखाद्या ग्राहकानं 'छान', मग एक हसरा चेहरा, मग 'पण माझे पैसे परत द्या' असं लिहिलं, तर टेबलात फक्त 'छान' उरे. इतका आशावादी तक्रार विभाग दुसरीकडे मिळणार नाही. चार बाइटांची सोय २०१० पासून होती, पण निराळ्या नावानं. ती आपोआप मिळू लागली ८.० मध्ये. शिवाय 'रँक' हा शब्द सर्व्हरनं स्वतःसाठी राखून ठेवला, म्हणून निकालाच्या टेबलात त्या नावाचा कॉलम ठेवणाऱ्यांच्या क्वेरी अडल्या. त्यात त्यांचा काहीही गुन्हा नव्हता. एवढ्यापुरतं माझं म्हणणं मी मागे घेतो.

पण सगळ्यात दणकट आक्षेप आहे तो 'चालतंय ना, मग हात कशाला लावता?' हा. त्याला उत्तर पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांकडे आहे. २०१८ मध्येच लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ व्हर्जननं अक्षरं क्रमानं लावण्याचे नियम बदलले. डेटाबेस जुनाच, त्याला कुणी बोटही लावलेलं नाही. फक्त खालची ऑपरेटिंग सिस्टीम नवी झाली. पण इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमानं चालणारा, म्हणून टेबलात असलेली नोंद सापडेना आणि जिथे एकच नोंद चालते तिथे दुसरी खुशाल शिरे. इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय इलाज नाही. तेव्हा हात न लावणं म्हणजे सुरक्षित राहणं, हा समज सोडलेला बरा. आणि मायएसक्यूएल ५.७ चा तर सपोर्टही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. सुरक्षेतली भोकं बुजवणंही त्याबरोबर थांबलं.

'जमलं नाही तर जुन्यावर परत जाऊ' असं म्हणणारे मला फार आवडतात. ८.० वरून ५.७ वर उतरायला अधिकृत जिना नाही. आधी घेतलेला बॅकअप, एवढाच रस्ता. आणि बॅकअप 'आहे' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी तो कधी रिस्टोअर करून पाहिला आहे का, या प्रश्नावर चहा मागवणारेच जास्त. तेव्हा शनिवारी रात्री सर्व्हर बंद करण्याआधी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि त्यावर रिपोर्ट चालवून बघा. बाकी, ८.० वर पोहोचून हुश्श करू नये : त्याच्या सपोर्टची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच ठरलेली आहे.