बूट आपटून घालावेत

यंदा मे महिन्यात आमची अकरा वर्षांची कन्या सात दिवसांच्या निवासी शिबिराला गेली. भोरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. माहितीपत्रकावर दोराला लोंबकळणारी हसरी पोरं होती. बायकोला त्यांचं हसू दिसलं, मला दोर.

मग फॉर्म आला. चार पानी. घराचं कर्ज देताना बँकेनेही एवढं विचारलं नव्हतं. आणि बँकेला निदान पैसे परत हवे होते, इथे तर मुलगी परत त्यांनीच द्यायची होती. रक्तगट, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन, दमा, फिट, झोपेत चालते का, पोहता येतं का. 'कशाची ॲलर्जी आहे?' या रकान्यात कन्येने सुवाच्य अक्षरात 'दोडका, गवार, पडवळ' असं लिहून ठेवलं होतं. ते खोडताना आठवलं, की तिसऱ्या वर्षी एका औषधाने तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. कुठल्या औषधाने, ते आम्हा दोघांनाही आठवेना. रात्री साडेदहाला माळ्यावरून फाईल काढली, चिठ्ठी सापडली, आणि डॉक्टरांचं अक्षर लावून घ्यायला मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे धावलो. तो शटर अर्ध्यावर ओढून वाकून म्हणाला, ''अमॉक्सिसिलिन आहे हो. घरात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा कुठंतरी.'' आठ वर्षं ही गोष्ट आमच्या घरात फक्त त्या फाईलला ठाऊक होती.

इकडे माझ्या आईने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दवाखाना थाटला होता. पुड्यांवर चिकटपट्ट्या, चिकटपट्ट्यांवर बॉलपेनने 'पोट', 'डोकं' आणि एकीवर 'दोन्ही'. सुंठ, ओवा, हिंगाची डबी. मी ओआरएसची चार पाकिटं टाकली आणि अनुभवी माणसाच्या थाटात सांगितलं, ''मरगळल्यासारखं वाटलं की पेल्यात चिमूटभर घालून प्यायचं.''

पालकसभेत शिबिराच्या ताईंनी तो डबा उघडला, 'दोन्ही'कडे बराच वेळ पाहिलं आणि डबा मला परत केला. औषधं मुलांजवळ ठेवायची नाहीत. जी लागतात ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ताईंच्या ताब्यात. ताई पन्नाशीच्या, आयुष्यात आवाज चढवायची वेळच न आलेल्या. ''तिकडे साप आहेत का?'' एका आईने विचारलं.

''आहेत,'' ताई म्हणाल्या. हॉटेलवाला 'मिसळ आहे' म्हणतो तशा. ''नाग, घोणस, फुरसं, मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावली तर कधी कधी कळतही नाही. म्हणून मुलं खाटेवर झोपतात, मच्छरदाणी गादीखाली खोचून. सर्पदंशावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात शिल्लक आहे का, हे मी प्रत्येक शिबिराआधी स्वतः जाऊन बघते. चावलंच तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि 108ला फोन करून थेट दवाखाना. सिनेमातलं सगळं विसरा.''

यावर मागच्या रांगेतल्या एका वडिलांनी वायफायची चौकशी केली.

नियमांच्या कागदावर नववा नियम होता : बूट आपटून घालावेत. तिथे मात्र माझं हसू मावळलं. आमच्या लहानपणी शिबिरं नव्हती, आजोळ होतं, महाडजवळ. तिथली सुरक्षाव्यवस्था म्हणजे आजीची हाक, आणि ती ऐकली नाही तर आजीचा हात. 'आम्ही बरे वाढलो बिनफॉर्मचे' असं म्हणणाऱ्यांत मीही असतो; पण असं म्हणायला जे उरले तेच म्हणतात. एका उन्हाळ्यात मामाने पडवीतल्या बुटात पाय घातला आणि लाल विंचू डसला. घामाच्या धारा, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. गावाने आधी मांत्रिक बोलावला, मग गाडी. मामा वाचला, थोडक्यात. याच महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाचं विष हृदयावर कसं घाला घालतं याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर वापरून असंख्य माणसं वाचवली, हे मला फार पुढे वाचून कळलं. त्या दिवशी पडवीत आम्हाला फक्त मांत्रिकाच्या उदबत्तीचा वास ठाऊक होता.

सात दिवस फोनबंदी. ती म्हणे मुलांसाठी होती. रोज रात्री ताईंचा एकच मेसेज यायचा, 'सगळी मुलं बरी आहेत', आणि 'सगळी'मध्ये आमची नक्की धरली आहे ना, यावर मी तासभर विचार करायचो.

आणायला गेलो तेव्हा भर दुपार, डोक्याला काही नाही, पोटात फक्त वाटेतला चहा. समारोपात लेझीम सुरू झालं आणि मला झाडंही खेळताना दिसू लागली. पुढचं आठवतं ते सावलीतल्या खाटेवरचं. मानेवर ओला पंचा, आणि शेजारी आमची कन्या, खालचा ओठ दातांखाली धरून, पाण्याच्या भांड्यावरची लिटरची रेघ डोळ्यांच्या पातळीत आणून बघत होती.

''अख्खं पाकीट, एक लिटर पाणी,'' ती म्हणाली. ''चिमूटभर नसतं, बाबा. कमी पाण्यात जास्त पडलं तर उलट त्रास होतो. घोट घोट प्या.''

ताई लांबून बघत होत्या. आल्या नाहीत. एवढ्यासाठी यायची त्यांना गरज वाटली नसावी.

आता पौड रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या इमारतीत, रोज सकाळी सात वाजता आमच्या दाराबाहेर ठाप ठाप आवाज होतो. ती घरातले सगळे बूट आपटते. खालच्या काकू एकदा विचारायलाही आल्या, ''काही फोडताय का?'' परवा माझ्या लग्नकार्यातल्या बुटांची पाळी आली. उजवा उलटा करून फरशीवर आपटला, आणि गुढीपाडव्यापासून जिच्यावरून मी बायकोशी भांडत होतो ती स्कूटरची किल्ली खणकन बाहेर पडली.

कन्येने ती उचलली नाही. आधी डावा आपटला.