चौथाई आता दिल्लीला

नोएडा, १६ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आम्ही इकडे खुशाल आहोत. धुकं इतकं की सकाळी दहापर्यंत समोरची इमारत सापडत नाही. शेजारच्या आंटींच्या लेखी सातारा हे मुंबईतलं एखादं स्टेशन. परदेश म्हणजे आणखी काय असतं?

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "बारा लाखांपर्यंत कर नाही असं पेपरात वाचलं, मग तू दिवसभर कसले पैसे भरत होतास?" सांगायला लागलो तर "बरं बरं, जेवलास का?" म्हणालात. म्हणून लिहितोय.

तुमची जिल्हा परिषदेतली नोकरी. कर पगारातूनच कापला जायचा, तुम्ही त्याचं तोंडही पाहिलं नाहीत. माझे इथले ग्राहक अनुवादाच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापतात. पण जर्मनीवाले सगळी रक्कम पाठवतात, आणि सगळी रक्कम दिसली की ती आपलीच वाटते. पहिल्या वर्षी तशीच वाटली. एसी आला, सोफा आला. पुढच्या जुलैत विवरणपत्र भरताना कळलं की सोफ्याचे दोन पाय सरकारचे आहेत. वर व्याज, महिन्याला एक टक्का!

बारा लाखांची सवलत त्या रेषेपर्यंतच. रेषा बरीच ओलांडली की मोजणी बारापासून नाही, चारपासून. आणि टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा जास्त निघत असेल, तर तो आगाऊ भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. म्हणजे मृगाच्या सरी पडतायत तोवर सोयाबीनचा उतारा सांगायचा! अंदाज पुढच्या हप्त्यात सुधारता येतो, एवढाच दिलासा.

तुमच्या सुनेचं बरं आहे. तिचं काम, घरांची अंतर्गत सजावट, सरकारच्या सवलतीच्या यादीत आहे; निम्मी जमा नफा म्हणून दाखवायची, वह्यांची कटकट नाही, हप्ता एकच, मार्चातला. त्या यादीत अनुवादक नाही. त्यामुळे काल मी आकडेमोड करत होतो आणि ती शेजारी बसून मटार सोलत होती. नंतर मलाही सोलायला लावले.

आता शहाणा झालोय. जर्मनीचे पैसे आले की त्याच दिवशी चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. त्या खात्याचं कार्डच घेतलेलं नाही. हिशेबापेक्षा थोडं जास्त निघतं, पण व्याज भरण्यापेक्षा मार्चात उरलेलं बरं. बाबा, १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहूनच चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन साताऱ्याला परतले, हे तुम्हीच शिकवलंत. चौथाई पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा. तीनशे वर्षांनी वसुली उलटी फिरली: चौथाई मी काढून ठेवतो, दहा टक्के ग्राहक कापतात आणि दोन्ही जातात दिल्लीला.

आई, खात्यात एवढे पैसे असून नवा फ्रीज का घेत नाही, असं तू विचारलं होतंस. ते पैसे आपले नाहीत गं, नुसते मुक्कामाला आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. संक्रांतीची तिकिटं काढली आहेत. चौथाईला हात लावलेला नाही.