माशांचा आहेर

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, भिंतीपाशी या. मोठ्यानं नाही बोलता येत, त्यांची खिडकी उघडी आहे. शेजारच्या वहिनींच्या मोठ्या वन्सं काल फणकाऱ्यानं रिक्षात बसून गेल्या ना, त्याचं कारण कळलं मला. मासे! खायचे नव्हेत हो, भाऊजींच्या टाकीतले.

आता ते वेड आपल्याला काही नवीन नाही. तीन फुटी टाकी, आत खरी झाडं, ते वाकडंतिकडं खोड, नि इवले इवले निऑन टेट्रा. लाइट लावला की ती निळी रेघ कशी चमकते! पण सुरुवातीला महिनाभर त्यात एक मासा नव्हता, आठवतं? नुसतं पाणी. म्हणे आधी त्यात चांगले जिवाणू वाढावे लागतात, नाहीतर माशांच्या घाणीचा अमोनिया साठतो नि मासेच दगावतात. रोज बाटलीत थेंब टाकून रंग बघायचे. वहिनी म्हणाल्या, "माझ्या स्थळाची एवढी चौकशी केली नव्हती यांनी."

तर झालं काय, नातेवाइकांना कळलं यांना मासे आवडतात. शर्टपीस नि पेनसेट बंद! जो येतो तो टाकीसाठी काहीतरी घेऊन. मामेसासरे आले ते पिशवीत नऊ गोल्डफिश घेऊन. आठ सोनेरी, एक काळा. वास्तूला चांगले असतात म्हणे, घरावरचं संकट तो काळा स्वतःवर घेतो. भाऊजींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. अहो, ते गोल्डफिश थंड पाण्यातले, टेट्रांना हीटर लावून पंचवीस-सव्वीस डिग्री. शिवाय झाडं कुरतडणार, घाण करणार ती वेगळीच. पण मामांपुढे बोलणार कोण? "वा वा मामा, छानच!" आता ते नऊही मागच्या गॅलरीत मोठ्या टबात आहेत, फिल्टर-बिल्टर लावून. सासूबाई गुपचूप पोळी चुरून घालतात त्यांना. तुम्ही नका बोलू हं कुठे.

आणि साहेबांनी दिलेला तो सकर! "काच चाटून साफ करतो, तुमचं काम वाचेल." आणला तेव्हा बोटाएवढा, पण वाढतो फूटभराच्या वर, नि साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. बरं, नको झाला म्हणून तळ्यात सोडायचीही सोय नाही. परका मासा, तिथं माजतो नि आपल्या माशांच्या मुळावर येतो. शेवटी दुकानदाराच्या हातापाया पडून परत दिला. साहेब अजून फोनवर विचारतात, "आमचा पठ्ठ्या काय म्हणतो?" भाऊजी सांगतात, "खोडामागे बसलाय सर, लाजतो जरा." कठीण आहे बाई...

हां, तर काय सांगत होते, वन्सं! तर वहिनींनी एक युक्ती काढली होती. ओट्याखाली बुटांचा खोका. त्यात प्लॅस्टिकचा किल्ला, पाणबुड्या, बुडबुड्यांनी झाकण उघडतं ती खजिन्याची पेटी, सगळा आहेर भरलेला. ज्यांचा फोन येईल "निघतोय हं" म्हणून, त्यांची वस्तू धुऊन टाकीत. गेले की बाहेर. मला तर वाटतं टाकीपेक्षा तो खोकाच बघण्यासारखा आहे.

काल काय झालं, किल्लेवाले चुलतदीर सहकुटुंब आलेले, त्यामुळे टाकीत किल्ला. आणि वन्सं कुणाच्या तरी डोहाळजेवणाहून परस्पर टपकल्या, फोन न करता! चप्पल काढतानाच नजर टाकीवर. "माझं प्रवाळ कुठाय?"

रामेश्वरच्या यात्रेहून आणलं होतं ना त्यांनी, पांढरं फांद्याफांद्यांचं, नि सोबत ओंजळभर शिंपले. वहिनींच्या हातातला पोह्यांचा डाव तसाच राहिला. भाऊजी हळूच म्हणाले, "ताई, ते चुन्याचं असतं, पाण्यात थोडं थोडं विरघळतं, पाणी जड होतं. या माशांना मऊ पाणी लागतं, ॲमेझॉनकडचे आहेत ते." तर वन्सं म्हणतात कशा, "ऑनलाइन मागवलेल्या माशांचे एवढे लाड?" मी तिथं नव्हते म्हणून, नाहीतर हसून मेले असते.

इथवर निभलं असतं हो. पण चुलतदिरांचा मुलगा वकिलीला आहे ना, तो बोलला मधेच. "आत्या, प्रवाळ बाळगायचंच नसतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात आहे ते, पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या रांगेत." झालं! वन्संचा चेहरा असा खर्रकन उतरला... "मी विकत घेतलंय, चोरलंय का?" तो म्हणे, "विकणंही गुन्हाच आहे." चुलतजाऊबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, त्यांच्या किल्ल्याला काही कायदा नाही ना! चहा तसाच टाकून वन्सं उठल्या. आणि ते प्रवाळ आता खोक्यातून काढून ठेवायचं कुठे, यावर रात्री अकरापर्यंत खल चालला होता. भिंती काही जाड नाहीत आपल्या.

पण मी तुम्हाला बोलावलं ते वेगळ्याच कामाला. रविवारी भाऊजींची पन्नाशी, आपण चौघी मिळून काही देतोय. दोघींचं मत फ्लॉवरहॉर्नवर होतं, तो डोक्याला टेंगूळ असलेला लकी मासा. मी म्हटलं थांबा, तो टेट्रांचा फराळ करेल. सरळ वहिनींना विचारलं. त्या काय म्हणाल्या सांगू? "बादली द्या." अहो, खरंच! दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, तर साबण कधीच न लागलेली वेगळी बादली लागते. यांची कामवाल्या मावशींनी फरशी पुसायला घेतली, तेव्हापासून धुसफुस चालली आहे.

आता पन्नाशीला बादली द्यायची म्हणजे... लोक काय म्हणतील? पण वीस लिटरची, झाकणवाली बघून ठेवलीय मी. तुमचे शंभर रुपये सावकाश द्या. तेवढा एक चमकीचा मोठा कागद असेल तर द्या ना, माझ्याकडचा कडीपाशीच संपतोय.